टानबाखचे दोन काठ : म्योडलारॉइट नावाच्या एका जर्मन खेड्याचा इतिहास

जर्मनीच्या साधारण नकाशावर म्योडलारॉइट हे नाव आढळत नाही. लोकवस्ती पन्नासाच्या आतबाहेर. काही शेतघरे, धान्याची कोठारे, भोवती कुरणे आणि गावाच्या मधून वाहणारा एक ओढा. ओढ्याचे नाव टानबाख. त्याची रुंदी इतकी बेताची की धडधाकट माणूस एका उडीत पलीकडे जाईल. तरीही १९५२ ते १९८९ या सदतीस वर्षांत या काठावरच्या माणसाला त्या काठावरच्या नातेवाइकाच्या घरी जाता येत नव्हते. पूर्वेकडच्या काठावरून पश्चिमेकडे हात हलवून ख्यालीखुशाली विचारण्यासही मनाई होती. अमेरिकी सैनिकांनी या गावाला ‘लिटल बर्लिन’ असे टोपणनाव दिले आणि तेच पुढे जगभर गेले.

टोपणनाव लक्षात राहण्याजोगे आहे, पण थोडे फसवे आहे. बर्लिनची वाटणी १९४५ च्या विजेत्यांनी केली. त्याआधी त्या शहराच्या मधून कोणतीही राजकीय सीमा जात नव्हती. म्योडलारॉइटची गोष्ट निराळी आहे. गावाला दुभंगणारी रेषा महायुद्धापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे तिथे होतीच. गावाने तिच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते, इतकेच. राजेरजवाड्यांच्या दप्तरातली ही रेषा काटेरी तारांची कशी झाली, हा या धाग्याचा विषय.

आधी भूगोल पाहू. म्योडलारॉइट हे बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, होफ या शहराच्या उत्तरेस, बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या शिवेवर वसलेले आहे. फ्रांकेनवाल्डची जंगले, फिष्टेलगेबिर्गेचे डोंगर आणि फोग्टलांडचा उंचसखल माळ यांच्या बेचक्यातला हा मुलूख. उन्हाळा आखूड, हिवाळा लांब आणि बोचरा. होफच्या आसपासच्या या भागाला जर्मन लोक थट्टेने ‘बव्हेरियाचा सायबेरिया’ म्हणतात. जमीन फार सुपीक नाही. राय, ओट, बटाटे आणि गाईगुरे यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली. घरांच्या छपरांवर याच टापूतल्या खाणींतली काळसर पाटीच्या दगडाची कौले दिसतात.

गावाच्या नावातच त्याचा जन्म सांगितलेला आहे. ‘रॉइट’ म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. मध्ययुगात या दाट अरण्यात कुऱ्हाड चालवून जी गावे वसली, त्यांच्या नावांना हे शेपूट चिकटले. संगीतकार वाग्नरमुळे जगाला ठाऊक झालेले बायरॉइट हे नावही याच कुळातले. जंगल तोडणाऱ्याला पाणी लागते, म्हणून वस्ती ओढ्याच्या दोन्ही अंगांना पसरली. एका काठाला घर, दुसऱ्या काठाला शेत, हे इथे स्वाभाविकच होते.

टानबाखचे पाणी थोड्या अंतरावर झाले नावाच्या नदीला मिळते. (मराठी वाचकाला हे नाव क्रियापदासारखे वाटेल, पण ही खरोखरच मोठी नदी आहे.) झाले पुढे येना आणि हाले या शहरांवरून वाहत एल्बला मिळते आणि एल्ब हांबुर्गजवळून उत्तर समुद्रात जाते. शीतयुद्धाच्या काळात याचा अर्थ असा होई, की गावातल्या ओढ्याचे पाणी सबंध पूर्व जर्मनी पार करून पुन्हा पश्चिम जर्मनीत शिरे. गावातल्या कोणत्याही माणसाला तो प्रवास शक्य नव्हता.

आता रेषेकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘जर्मनी’ हा देश नव्हता. शेकडो लहानमोठ्या सत्तांची ती गोधडी होती. कुठे राजा, कुठे बिशप, कुठे स्वतंत्र नगर, तर कुठे चारदोन खेड्यांचा धनी असलेला सरदार. आपल्याकडची सरंजामी दौलतींची आणि संस्थानांची गुंतागुंत ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना या नकाशाची कल्पना चटकन यावी. एका घराण्याचे गाव दुसऱ्याच्या मुलखात बेटासारखे अडकलेले असणे ही नेहमीची बाब होती. म्योडलारॉइटच्या शेजारचे गेफेल हे छोटे नगरच घ्या. १८१५ पासून ते प्रशियाच्या राज्याचे होते, परंतु चहूबाजूंनी परक्या हद्दीने वेढलेले! बर्लिनच्या राजाचा अंमल या आडरानात कसा पोहोचला, याचे उत्तर वारसाहक्क, तह आणि देवघेव यांच्या लांबलचक साखळीत आहे.

टानबाखच्या पश्चिमेकडचा मुलूख बायरॉइटच्या मार्ग्रेव्ह घराण्याकडे होता. १७९१ च्या सुमारास ते राज्य प्रशियाच्या ताब्यात गेले. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला आणि बायरॉइट फ्रेंचांच्या हाती पडले. चार वर्षे ठेवून घेतल्यावर १८१० मध्ये नेपोलियनने हा प्रदेश आपला मित्र असलेल्या बव्हेरियाच्या राजाला दीड कोटी फ्रँकला विकला. जमीन, जंगल, शहरे, चर्च आणि त्यांत राहणारी माणसे, सगळे एका खरेदीखतात. अशा रीतीने टानबाखच्या पश्चिम काठावरचे शेतकरी बव्हेरियाचे प्रजाजन झाले. त्यांना कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

पूर्व काठ रॉइस घराण्याच्या संस्थानाचा. या घराण्याविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. रॉइस कुळात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिश असे. प्रत्येक म्हणजे अक्षरशः प्रत्येक. गादीवर बसो अगर न बसो. बाराव्या शतकातील सम्राट सहावा हाइनरिश याच्या सन्मानार्थ ही प्रथा पडली असे सांगतात. मग ओळखायचे कसे? तर क्रमांकाने. थोरली पाती शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकापासून सुरुवात करी, तर धाकटी पाती नवे शतक लागले की नव्याने मोजू लागे. १८१० मध्ये घराण्याच्या एका शाखेचा संस्थानिक होता बेचाळिसावा हाइनरिश. फ्रान्सचे सगळे लुई मोजून अठरा. त्यापुढे हे बेचाळीस म्हणजे फारच झाले.

१८१० मध्येच बव्हेरिया आणि रॉइस यांच्यातील सीमा टानबाखच्या काठाने निश्चित झाली आणि ओढ्यालगत सीमादगड रोवले गेले. एका बाजूस बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूस रॉइस संस्थानाची. त्यांतले काही दगड आजही जागेवर उभे आहेत. या कथेतील सर्वांत चिवट पात्रे कोण, असे विचारले तर उत्तर हेच दगड.

या दगडांनी गावाचे काय बिघडवले? जवळजवळ काहीच नाही. कर दोन ठिकाणी जात, भरतीची बोलावणी दोन दरबारांकडून येत, तंट्याबखेड्यांसाठी कचेऱ्या वेगळ्या. पण गाव म्हणून गाव एकच राहिले. मुलांची शाळा आणि खानावळ पूर्वेच्या म्हणजे थुरिंगियाच्या बाजूला होती. चर्चसाठी दोन्ही काठांची मंडळी पश्चिमेकडच्या ट्योपेन या गावी जात. सोयरिकी काठाकाठांत होत, त्यामुळे शेतजमिनीही दोन्हीकडे विखुरल्या. जावयाची गाय एका राज्यात आणि तिचे कुरण दुसऱ्या राज्यात, हे कोणाला नवल वाटत नसे.

पुढे रेषा आणखी पुसट होत गेली. १ जानेवारी १८३४ रोजी जर्मन जकात संघ अस्तित्वात आला. बव्हेरिया आणि थुरिंगियातील संस्थाने, दोघेही त्यात सामील झाले. म्हणजे मालावरची आपसातली जकातही संपली. १८७१ मध्ये एकसंध जर्मन साम्राज्य उभे राहिले. १९१८ च्या पराभवानंतर सगळे राजे आणि संस्थानिक पायउतार झाले. रॉइसांची क्रमांकांकित परंपरा राजसत्तेतून गेली. दोन रॉइस संस्थाने १९१९ मध्ये एकत्र आली आणि १ मे १९२० रोजी इतर छोट्या राज्यांसह थुरिंगिया या नव्या राज्यात विलीन झाली. टानबाख आता बव्हेरिया आणि थुरिंगिया यांच्यातली प्रांतिक शीव उरला. मुलकी कारभारापलीकडे तिला अर्थ नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावात वाढलेल्या मुलाला विचारले असते, तर त्याने या दगडांचा उपयोग बहुधा बसण्यासाठी सांगितला असता.

घात झाला तो लंडनमध्ये, आणि तोही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. दुसरे महायुद्ध चालू असतानाच अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांचे प्रतिनिधी पराभूत जर्मनीची ताब्यासाठी विभागणी कशी करायची यावर खल करत होते. १२ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांनी एका मसुद्यावर सह्या केल्या. त्या घाईत नव्या सीमा आखत बसण्यापेक्षा जर्मनीच्या जुन्या प्रांतिक हद्दीच वापरणे सोयीचे होते. थुरिंगिया सोव्हिएत विभागात जायचा, बव्हेरिया अमेरिकी विभागात. नकाशावर ही दोन मोठी राज्ये होती. त्यांच्या मधली बारीक वळणे कोणत्या अंगणातून जातात, हे तपासण्याचे कारण कोणालाच नव्हते. नेपोलियनच्या खरेदीखताच्या वर्षी दगडांनी आखलेली शीव अशा तऱ्हेने दोन महासत्तांची सीमा झाली.

एप्रिल १९४५ मध्ये थुरिंगियात प्रथम शिरले ते अमेरिकी सैन्य. ठरल्याप्रमाणे जुलैच्या आरंभी त्यांनी तो प्रांत सोडला आणि लाल सेना आली. तरीही सुरुवातीची वर्षे फार कडक नव्हती. परवाना दाखवून शेतकरी ओढा ओलांडत, पलीकडची शेते कसत, मुले शाळेत जात. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडे नवे मार्क चलन आले, त्याला उत्तर म्हणून पूर्वेकडेही वेगळे चलन आले. एका गावात दोन नाणी. १९४९ मध्ये दोन स्वतंत्र जर्मन राष्ट्रे जाहीर झाली. टानबाखचा पश्चिम काठ पश्चिम जर्मनीत, पूर्व काठ पूर्व जर्मनीत. कागदोपत्री एवढे सगळे होऊनही लोक अजून ये-जा करत होते. गावकऱ्यांची समजूत अशी होती, की हेही दिवस जातील. राज्ये इथे पूर्वीही बदलली होती.

ती समजूत २६ मे १९५२ रोजी संपली. त्या दिवशी पूर्व जर्मन सरकारने पश्चिम सीमेसाठी नवा हुकूम काढला. सीमेलगत दहा मीटर रुंदीचा नांगरून मोकळा ठेवलेला पट्टा, जेणेकरून पावलांचे ठसे उमटावेत. तिथून पाचशे मीटरपर्यंत ‘संरक्षक पट्टा’. आणि पाच किलोमीटरपर्यंत निषिद्ध क्षेत्र, ज्यात परवान्यावाचून शिरता येणार नाही. म्योडलारॉइटचा पूर्वार्ध आख्खाच्या आख्खा पाचशे मीटरांच्या पट्ट्यात सापडला. टानबाखवरून जाणे-येणे बंद झाले. शाळा, खानावळ, चर्च, शेते, सोयरे, सगळे एका हुकुमासरशी दोन बाजूंना विभागले गेले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये सीमापट्ट्यातून ‘अविश्वासू’ माणसांना उचलून देशाच्या अंतर्भागात नेऊन टाकण्याची मोहीम झाली. सीमेच्या संपूर्ण लांबीवर मिळून आठ हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. कोणी पश्चिमेकडे नातेवाईक असलेला, कोणी चर्चशी जवळीक ठेवणारा, कोणी बऱ्यापैकी जमीनदार, तर कोणी केवळ शेजाऱ्याच्या चुगलीचा बळी. थोडक्या तासांत सामान बांधा, ट्रकमध्ये बसा. कुठे जायचे ते वाटेत कळेल, असा प्रकार. थुरिंगियातील अधिकाऱ्यांच्या कागदांत या मोहिमेसाठी ‘उंगेत्सीफर’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ किडे, ढेकूण, उपद्रवी जीव. नाझी राजवट जाऊन अवघी सात वर्षे झाली होती. आपल्याच नागरिकांना असे नाव देताना त्या लेखणीला जराही अडखळावेसे वाटले नाही, ही गोष्ट कुंपणाहून अधिक अस्वस्थ करणारी आहे. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये अशीच दुसरी मोहीम झाली आणि आणखी तीन हजारांवर माणसे हलवली गेली.

इथे एक विचित्र योगायोग नोंदवायला हवा. १९५२ च्या जुलैमध्ये पूर्व जर्मनीने आपल्या हद्दीतली जुनी राज्येच मोडीत काढली आणि त्यांच्या जागी जिल्हेवजा विभाग केले. थुरिंगियाचे तीन तुकडे झाले. म्योडलारॉइटचा पूर्वार्ध गेरा विभागात गेला. म्हणजे ज्या थुरिंगियाची हद्द म्हणून ओढ्यावर सीमा आली, तो थुरिंगियाच नकाशावरून नाहीसा झाला आणि सीमा मात्र अधिकाधिक पक्की होत गेली.

गावात १९५२ मध्ये माणसाच्या उंचीपेक्षा उंच असे लाकडी फळ्यांचे कुंपण ओढ्यालगत उभे राहिले. सीमेवर इतरत्र तारांचे कुंपण पुरेसे समजले जाई. पण जिथे दोन बाजूंची घरे समोरासमोर होती, तिथे नुसते अडवणे पुरत नव्हते, नजरही तोडावी लागत होती. बर्लिनच्या भिंतीला यानंतर अजून नऊ वर्षे अवकाश होता. जगाला जर्मनीची फाळणी दिसली ती १३ ऑगस्ट १९६१ रोजी, छायाचित्रकारांच्या गर्दीत. ग्रामीण जर्मनीला ती आधीच भोगावी लागली होती, आणि तिथे छायाचित्रकार नव्हते.

पूर्व जर्मन सरकारची अडचण खरी होती, हेही सांगायला हवे. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे सत्तावीस लाख लोक देश सोडून पश्चिमेकडे गेले. त्यांत तरुण होते, डॉक्टर होते, कुशल कारागीर होते, सामुदायिक शेतीची सक्ती नको असलेले शेतकरी होते. कोणतेही राज्य इतक्या गळतीने खचेल. त्या राज्याने गळतीचे कारण शोधण्याऐवजी भांडेच वरून झाकले. सरकारी भाषेत या तटबंदीचा रोख बाहेरच्या शत्रूकडे होता. परंतु तारा, खंदक आणि प्रकाशझोत यांची रचना पाहिली, तर अडवायचे होते ते आतल्यांनाच, याविषयी शंका राहत नाही.

१९६६ मध्ये म्योडलारॉइटमध्ये फळ्यांची जागा काँक्रीटने घेतली. सुमारे सातशे मीटर लांब आणि तीन मीटरांहून उंच अशी पांढरी भिंत. पन्नास माणसांच्या गावाला सातशे मीटर भिंत! भिंत नेमक्या सीमेवर नव्हती. ती पूर्वेच्या हद्दीत काही पावले आत होती. त्यामुळे भिंतीच्या पश्चिमेला, ओढ्याच्या कडेला, पूर्व जर्मनीचीच एक चिंचोळी जमीन उरली. पश्चिमेकडून कोणी बेसावधपणे ओढ्यापलीकडे पाय टाकला, तर तो भिंतीच्या अलीकडे उभा राहूनही परक्या देशात शिरलेला असे. भिंतीमागे गस्तीचा रस्ता, टेहळणीचा मनोरा आणि रात्रभर जळणारे दिवे.

पूर्वार्धातले जीवन कसे होते? गावात राहायचे तर ओळखपत्रावर खास शिक्का लागे. परगावी राहणाऱ्या मुलाला आईवडिलांना भेटायचे, तर आधी अर्ज, मग चौकशी, मग परवाना. तोही ठरावीक दिवसांपुरता. मित्राला घरी बोलावणे जवळपास अशक्य. रात्री ठरावीक वेळेनंतर घराबाहेर पडायचे नाही. सीमेलगतच्या शेतात काम करायचे ते दिवसाउजेडी आणि पहारेकऱ्यांच्या नजरेखाली. शिडी अंगणात उघडी ठेवणेही संशयाला निमंत्रण. पहारेकऱ्यांच्या दृष्टीच्या आड येणारी घरे पाडण्याचे काम सीमेवर ठिकठिकाणी झाले. काही वस्त्या तर समूळ नाहीशा केल्या गेल्या. थुरिंगियातील बिलमुटहाउझेन हे खेडे १९७८ मध्ये शेवटच्या रहिवाशांना हलवून जमीनदोस्त झाले. म्योडलारॉइट वाचले, एवढेच त्याचे सुदैव.

पश्चिमार्ध मोकळा होता, पण सुखात होता असे म्हणता येत नाही. त्याची शाळा गेली, खानावळ गेली, ओढ्यापलीकडची शेते गेली. रस्ता भिंतीपाशी येऊन संपे. उद्योगधंद्यांनी अशा टोकाच्या गावाकडे पाठ फिरवली, तरुण शहरांकडे गेले. त्याऐवजी आले ते बघे. भिंतीचे दर्शन घेण्यासाठी बसगाड्या येऊ लागल्या. लोक उंचवट्यावर उभे राहून पलीकडच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दुर्बिणीतून पाहत. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश येथे येऊन भिंत पाहून गेले. पूर्वेकडच्यांना यातले काहीच बघता येत नव्हते; बघणाऱ्यांकडे हात हलवणे तर नियमाविरुद्धच. पश्चिमेकडचा माणूस ओळखीच्या चेहऱ्याला हाक मारी, आणि पलीकडचा मान खाली घालून गोठ्यात निघून जाई. यात रुक्षपणा नव्हता, भीती होती. पण पन्नास माणसांच्या गावात तीन दशके असे चालले, तर पुढच्या पिढीला त्या चेहऱ्यांची नावेही ठाऊक राहत नाहीत.

डिसेंबर १९७२ मध्ये दोन्ही जर्मनींत मूलभूत करार झाला आणि पुढच्या वर्षापासून पश्चिमेच्या सीमाभागातील रहिवाशांना पूर्वेच्या सीमाजिल्ह्यांत मर्यादित दिवसांसाठी जाण्याची सवलत मिळाली. म्योडलारॉइटच्या पश्चिमार्धातील माणूस आता महामार्गावरच्या तपासणी नाक्यातून वळसा घालून श्लाइत्सच्या बाजारपेठेत फिरू शकत होता. परंतु निषिद्ध क्षेत्राला ही सवलत लागू नव्हती. म्हणजे त्याला पूर्व जर्मनीत जाता येत होते, पण समोरच्या घरात नाही.

भिंत ओलांडून पळून जाण्यात यश आल्याची गोष्टही त्याच १९७३ सालातली. मे महिन्यात, सीमाक्षेत्रात गाडी नेण्याचा परवाना असलेल्या एका तरुणाने आपले वाहन थेट भिंतीपाशी आणले, शिडी लावली आणि पहारेकऱ्यांना काही कळण्याच्या आत तो पलीकडे उतरला. या गावाच्या भिंतीवरून असे जमलेला तो एकटाच.

शेवटाची सुरुवात पुन्हा याच टापूत झाली, हे फारसे सांगितले जात नाही. १९८९ च्या सप्टेंबरअखेर प्रागमधील पश्चिम जर्मन वकिलातीच्या आवारात हजारो पूर्व जर्मन नागरिक आश्रयाला बसले होते. त्यांना पश्चिमेकडे सोडण्याचे ठरले तेव्हा पूर्व जर्मन सरकारने अट घातली, की गाड्या आपल्याच प्रदेशातून जातील. सार्वभौमत्वाचा हा हट्ट त्या सरकारला महाग पडला. १ ऑक्टोबरला त्या आगगाड्या ड्रेस्डेन आणि प्लाउएनमार्गे सीमा ओलांडून होफच्या स्थानकात शिरल्या, म्योडलारॉइटपासून थोडक्याच किलोमीटरांवर. वाटेतल्या शहरांनी त्या जाताना पाहिल्या. ७ ऑक्टोबरला, राष्ट्राचा चाळिसावा वर्धापनदिन साजरा होत असताना, प्लाउएनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली.

म्योडलारॉइटला मात्र आणखी एक महिना थांबावे लागले. भिंतीला दार पाडायचे तर वरून मंजुरी हवी होती, आणि खेड्याची आठवण सर्वांत शेवटी होते. ९ डिसेंबर १९८९ रोजी पायी जाणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. सदतीस वर्षांनंतर गावातले लोक गावात आले. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंतीचा बराचसा भाग पाडण्यात आला. तारीख अर्थपूर्ण होती. १७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीतील कामगारांचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. १ जुलैला दोन्ही जर्मनींचे चलन एक झाले आणि ३ ऑक्टोबरला देश.

भिंतीचा शंभरेक मीटरचा भाग, मनोरा आणि कुंपणाचे नमुने राखून ठेवण्याचे ठरले. १९९० मध्येच येथे संग्रहालयाचे काम सुरू झाले. त्या काळी ही राखण सर्वांना रुचली असेल असे नाही. ज्यांनी आयुष्य भिंतीच्या सावलीत काढले, त्यांना तिचा एक दगडही नकोसा वाटणे समजण्यासारखे आहे. पुढे २०१५ मध्ये ‘टानबाख’ नावाची दूरचित्रवाणी मालिका या गावावरून सुचली आणि जर्मनीतील घराघरांत ओढ्याचे नाव पोहोचले.

पण या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही. १९९० मध्ये पूर्वेकडची मोडीत निघालेली राज्ये पुन्हा स्थापन झाली, थुरिंगिया परत आला, आणि त्याच्याबरोबर १८१० ची शीवही. गाव एका राज्यात घ्यावे, असा फेरफार झाला नाही. आजही पश्चिमार्ध ट्योपेन ग्रामपालिकेत आणि बव्हेरियात आहे, पूर्वार्ध गेफेल नगरपालिकेत आणि थुरिंगियात. तेच गेफेल, जे एकेकाळी प्रशियाचे बेट होते. दोन महापौर, दोन जिल्हे, दोन राज्य सरकारे. टपालाचा क्रमांक एका काठाला ९५१८३, दुसऱ्या काठाला ०७९२६. मोटारींच्या पाट्यांवरची आद्याक्षरे वेगळी, मुलांच्या शाळा वेगळ्या. पश्चिम काठावर भेटल्यावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, पूर्व काठावर ‘गुटेन टाग’.

सणावारांच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. ६ जानेवारीला तीन राजांच्या सणानिमित्त बव्हेरियाच्या काठावर सुट्टी असते, थुरिंगियाच्या काठावर कामाचा दिवस. ३१ ऑक्टोबरला ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस म्हणून थुरिंगिया बंद, बव्हेरिया चालू. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, नेमके उलटे. त्या दोन दिवसांत गावातल्या एखाद्याला काम चुकवायचे असेल, तर ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडण्याने भागत नाही. नोकरी कोणत्या काठाला आहे, ते महत्त्वाचे. पुलाशेजारी सीमादगड उभे आहेत, एका बाजूस बव्हेरियाची आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूस रॉइसांची.